बीड परिसरातील एका दिवसाच्या सहली

(शिक्षक, पंचायत सदस्य व क्षेत्रीय अधिकारी यांच्यासमोर दिलेले भाषण)



शालेय सहलीचा विषय निघाला की मुलांच्या मनात प्रथम समुद्र येतो, आणि ते स्वाभाविकच आहे. अलिबाग, मुरुड-जंजिरा, गणपतीपुळे, मालवण ही नावे मराठवाड्यातील शाळांच्या सहलीच्या पत्रकांतून वर्षानुवर्षे वाचावयास मिळतात. किनाऱ्यावरील शहरांना निसर्गाने एक देणगी दिलेली आहे. सकाळी घरून निघावे, एखादा जलदुर्ग, एखादी पुळण, एखादे मंदिर पाहावे आणि दिवेलागणीस घरी परतावे, अशी सोय तेथील नागरिकांना सहज उपलब्ध असते. बीड जिल्ह्याला समुद्र नाही. येथून कोकणचा किनारा गाठावयाचा तर अख्खी रात्र प्रवासात जाते, सहल तीन-चार दिवसांची होते, आणि तिची वर्गणी शेतमजुराच्या घरास झेपणारी राहत नाही. वर्गातील निम्मी मुले सहलीस जातात आणि निम्मी मुले परतलेल्यांकडून शंखशिंपल्यांच्या गोष्टी ऐकतात.

दूरच्या सहलींना कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. मुलांनी समुद्र अवश्य पाहावा. परंतु किनाऱ्यावरील शहरांना लाभलेली एका दिवसाच्या सहलीची सोय बीड जिल्ह्यालाही लाभलेली आहे, याचा विसर पडू नये. सकाळी निघून सायंकाळी परत येता येईल, सर्व वर्गाला नेता येईल आणि पाठ्यपुस्तकातील इतिहास, भूगोल व मराठी हे तिन्ही विषय प्रत्यक्ष दाखविता येतील, अशी स्थळे या जिल्ह्यात विपुल आहेत. ती कोणती, हा या विवेचनाचा पहिला भाग. त्या सहली वर्षाच्या कोणत्या महिन्यांत काढाव्यात, हा दुसरा भाग. यांपैकी दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, हे आरंभीच नमूद करणे इष्ट होईल.

जिल्ह्याची ठेवण

बीड जिल्ह्यात आज अकरा तालुके आहेत. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या काठच्या सखल, काळ्या जमिनीच्या प्रदेशाला लोक गंगथडी म्हणतात. दक्षिणेकडे व पश्चिमेकडे बालाघाटच्या डोंगररांगा पसरलेल्या आहेत. डोंगराळ भागातील जमीन हलकी, मुरमाड आणि पाऊस बेभरवशाचा. ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ हे शब्द येथील बोलण्यात रोज येतात, आणि जिल्ह्याचा निम्मा भूगोल त्या दोन शब्दांत सामावलेला आहे.

समुद्र नसलेल्या या जिल्ह्यातील पाणी मात्र समुद्राकडेच जाते. बिंदुसरा नदी बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, बीड शहरातून वाहत सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा गोदावरीला मिळते. मांजरा नदीचा उगमही पाटोदा तालुक्यातील डोंगरातच आहे. ती लातूर, कर्नाटक व तेलंगण असा मोठा वळसा घेऊन शेवटी गोदावरीलाच मिळते. याच डोंगरातून निघालेली विंचरणा मात्र दुसऱ्या दिशेस वळते आणि सीना, भीमा, कृष्णा या वाटेने जाते. म्हणजे बालाघाटच्या एका उतारावर पडलेला पाऊस गोदावरीच्या मुखातून आणि दुसऱ्या उतारावर पडलेला पाऊस कृष्णेच्या मुखातून बंगालच्या उपसागराला मिळतो. जलविभाजक म्हणजे काय, हे फळ्यावर आकृती काढून समजावण्यापेक्षा मांजरसुंब्याच्या घाटात मुलांना उभे करून समजावणे सोपे आहे.

पहिली सहल : बीड शहर

पहिली सहल जिल्ह्याच्या ठिकाणीच काढता येईल. शहराच्या पूर्व भागातील कंकालेश्वराचे मंदिर पाण्याने वेढलेल्या चौरस कुंडाच्या मध्यभागी उभे आहे. चालुक्य शैलीतील या मंदिराचा तलविन्यास ताऱ्याच्या आकाराचा असून त्यास तीन गाभारे आहेत. बाह्य भिंतींवरील शिल्पांत हाती शस्त्रे घेतलेल्या स्त्रियांच्या मूर्तीही आढळतात. मंदिर बांधताना स्थपतींनी पाण्याला बाजूस सारले नाही, तर त्यालाच मंदिराचे अंगण केले. मुलांनी हे मंदिर केवळ दर्शनापुरते न पाहता त्याला एक प्रदक्षिणा घालून त्याचे कोन मोजावेत. भूमितीचा एक तास त्यात सहज पार पडेल.

जवळच्या टेकडीवर खंडोबाचे मंदिर आहे. त्याच्या पुढील दोन उंच दीपमाळा लांबूनही नजरेत भरतात. टेकडीवरून शहर, नदीचे पात्र आणि पलीकडील डोंगर असा सारा परिसर एका दृष्टिक्षेपात येतो. १९८९ च्या जुलै महिन्यात बिंदुसरेला आलेल्या महापुराने शहराच्या सखल वस्त्यांत मोठी हानी केली. नदी कोठे वळते, वस्ती कोठे पात्रास भिडते, हे या टेकडीवरून दाखविल्यास तो पूर का आला याचे उत्तर मुलांना आपोआप सापडेल.

या सहलीचे मुख्य आकर्षण म्हणजे शहराच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर असलेली खजाना विहीर. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या निजामशाहीत, मुर्तजा निजामशाहाच्या कारकिर्दीत, सलाबतखान याने ती बांधविली. तिचा स्थापत्यकार राजा भास्कर होता असे सांगितले जाते. तिच्यावर खजिना रिता झाला म्हणून हे नाव पडले, अशी लोकांची समजूत आहे. नावाची कथा काहीही असो, विहिरीची रचना मात्र खरोखर अभ्यासण्याजोगी आहे. विहिरीस तीन भुयारी मार्ग आहेत. दोन मार्गांनी पाणी आत येते आणि तिसऱ्या मार्गाने ते जमिनीच्या उताराचा फायदा घेत बाहेर पडून शेतीकडे जाते. मोट नाही, पंप नाही, वीज नाही. केवळ उतार अचूक मोजून हे पाणी शेकडो वर्षे वाहते ठेवण्यात आले आहे. दुष्काळातही या विहिरीने तळ दाखविला नाही, असे परिसरातील वृद्ध सांगतात.

छत्रपती संभाजीनगर येथे मलिक अंबरने खोदविलेली नहर आणि बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा ही याच विद्येची उदाहरणे होत. इराणसारख्या कोरड्या देशात अशा भुयारी कालव्यांना कनात म्हणतात आणि तेथे ही परंपरा फार प्राचीन आहे. बीडच्या शेतातील एका विहिरीचे नाते इतक्या दूरच्या प्रदेशांशी जुळते, हे कळल्यावर मुलांना आपल्या गावाकडे पाहण्याची निराळी दृष्टी मिळते. याच रस्त्याने पुढे पालीजवळ बिंदुसरा प्रकल्पाचा तलाव आहे. चार शतकांपूर्वीची पाणीव्यवस्था आणि स्वातंत्र्योत्तर काळातील धरण, दोन्ही एकाच दिवसात पाहून होतात.

दुसरी सहल : मांजरसुंबा ते सौताडा

दुसरी सहल डोंगरातील आहे. मांजरसुंब्याजवळ कपिलधार हे वीरशैव संप्रदायातील संतकवी मन्मथस्वामी यांचे समाधिस्थान आहे. ‘परमरहस्य’ या त्यांच्या ग्रंथामुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान लाभले. कार्तिक पौर्णिमेस येथे मोठी यात्रा भरते आणि महाराष्ट्राबरोबरच कर्नाटकातूनही भाविक येतात. समाधीजवळच डोंगरकड्यावरून पाण्याची धार कोसळते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिचे रूप विशेष पाहण्यासारखे असते.

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना नायगावचे मयूर अभयारण्य लागते. १९९४ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर आहे. खुरट्या झाडीच्या या डोंगराळ प्रदेशात मोरांची संख्या मोठी आहे. मोर पाहावयाचा तर सकाळी लवकर पोहोचावे आणि शांतता पाळावी, एवढी दोन पथ्ये पुरेत. शंभर मुलांनी आरडाओरडा केला तर एकही मोर दिसणार नाही, आणि तोही एक धडाच ठरेल.

पाटोद्याच्या पुढे, जामखेडच्या अलीकडे सौताडा हे गाव आहे. येथे विंचरणा नदी उंच कड्यावरून खोल दरीत उडी घेते आणि दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. पाऊस चांगला झालेला असेल तर हे दृश्य पाहून बीड जिल्हा कायमचा कोरडा आहे हा समज दूर होतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. शाळांच्या सहली बहुधा डिसेंबर-जानेवारीत निघतात. तोवर धबधबा क्षीण झालेला असतो, आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी तर नुसता कातळच शिल्लक राहतो. सौताड्यास जावयाचे तर ते भाद्रपद-आश्विनात. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

तिसरी सहल : गोदाकाठ

तिसरी सहल गेवराई तालुक्यातील गोदाकाठची. राक्षसभुवन हे शनिमहाराजांचे क्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु शाळेच्या दृष्टीने त्याचे आणखी एक महत्त्व आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी येथे थोरले माधवराव पेशवे व निजामअली यांच्या सैन्यात निर्णायक लढाई झाली. पानिपतच्या आघातास जेमतेम अडीच वर्षे लोटली होती आणि माधवरावांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. निजामाचे बरेचसे सैन्य गोदावरी ओलांडून उत्तर तीरावर गेले होते आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागील फौजेसह दक्षिण तीरावर राहिला होता. नेमका हाच क्षण साधून मराठ्यांनी हल्ला केला. विठ्ठल सुंदर लढाईत मारला गेला. श्रावणातील भरलेली नदी मध्ये नसती तर या लढाईचा निकाल काय लागला असता, असा प्रश्न मुलांना नदीकाठी उभे करून विचारावा. इतिहास घडविण्यात भूगोलाचा हात किती असतो, हे त्यांना तेथेच समजेल.

राक्षसभुवनाजवळच पांचाळेश्वर हे गोदाकाठचे स्थान आहे. श्रीदत्तात्रेयांचे आत्मतीर्थ म्हणून महानुभाव पंथात त्याला फार मोठे महत्त्व आहे. मराठी गद्याचा आरंभीचा मोठा ठेवा याच पंथाच्या अनुयायांनी निर्माण केला, हे मराठीच्या शिक्षकांनी येथे आवर्जून सांगावे.

या सहलीस दुसऱ्या दिवसाची जोड देता आली तर माजलगाव तालुक्यातील पुरुषोत्तमपुरी पाहावी. अधिक मासात येथे मोठी यात्रा भरते. येथे मिळालेला यादव राजा रामचंद्रदेव याच्या काळातील ताम्रपट शके १२३२ चा, म्हणजे इ. स. १३१० चा असून यादवांच्या इतिहासाचे ते एक महत्त्वाचे साधन आहे. वाटेत सिंदफणेवरील माजलगाव धरण पाहता येते. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात बांधलेल्या या धरणात पैठणच्या उजव्या कालव्यानेही पाणी आणता येते.

चौथी सहल : धारूर, अंबाजोगाई आणि परळी

चौथी सहल लांबची असल्याने पहाटेच निघावे लागेल, किंवा अंबाजोगाई व परळी यांसाठी स्वतंत्र दिवस द्यावे लागतील. धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखान याने १५६७ मध्ये बांधला आणि दोनच वर्षांत तो निजामशाहीकडे गेला. पुढे मोगलांनी तो घेतला. किल्ल्याच्या तीन बाजूंस खोल दऱ्या आहेत. आत पाण्याच्या साठ्यांची जी व्यवस्था आहे ती पाहिल्यावर, वेढ्यात तटाइतकेच पाणीही महत्त्वाचे असते हे पटते. धारूरचा घाट सीताफळांसाठी ख्यात आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोणी फारसे न जोपासताही मुरमाड उतारावर वाढणाऱ्या या झाडाने डोंगराळ गावांना एक हंगामी उत्पन्न मिळवून दिले आहे.

अंबाजोगाईस योगेश्वरीचे मंदिर आहे. कोकणातील अनेक कुटुंबांची ही कुलस्वामिनी. म्हणजे किनाऱ्यावरील माणसे पिढ्यान्‌पिढ्या बीड जिल्ह्याची वाट चालत आलेली आहेत. बीडच्या मुलांना कोकणची ओढ वाटते, तशी कोकणच्या घरांना अंबाजोगाईची वाटत आली, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. गावाबाहेर डोंगरकपारीत आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये पूर्ण झाला असे मानले जाते. याच गावी दासोपंतांनी विपुल ग्रंथरचना केली. कागद अपुरा पडावा म्हणूनच की काय, त्यांनी सुमारे ४० फूट लांबीच्या वस्त्रावर ‘पंचीकरण’ लिहिले. ती पासोडी मराठी वाङ्मयातील एक अपूर्व वस्तू आहे. कातळात कोरलेला हत्तीखाना आणि यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्या नावाचे मंदिर हीदेखील पाहण्यासारखी स्थळे होत.

शिक्षकांच्या दृष्टीने या गावाचे आणखी एक मोल आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी येथील योगेश्वरी शाळेत अध्यापन केले होते. एका शाळेतील शिक्षक पुढे साऱ्या संस्थानाच्या लढ्याचा नेता होतो आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त होतो, ही हकिगत त्या शाळेच्या परिसरात सांगितली तर तिचा परिणाम निराळाच होईल. त्यांच्याच नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकात याच गावी सुरू झाले.

परळी येथील वैजनाथ बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकर यांनी केला. याच गावी औष्णिक विद्युत केंद्र आहे. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले. वीज कोळशावर निर्माण होते, परंतु पाण्यावाचून कोळसाही निरुपयोगी ठरतो, हे मुलांना येथे शिकता येईल. वेळ मिळाल्यास धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर अवश्य पाहावे. त्याच्या भिंतीवर पत्र लिहिणाऱ्या स्त्रीचे एक शिल्प आहे. शतकांपूर्वीच्या या लेखणी हाती धरलेल्या स्त्रीसमोर मुलींचा वर्ग उभा करावा. तेथे वेगळ्या भाषणाची गरज पडणार नाही.

सहलीस कोण जात नाही?

येथवर स्थळांचा विचार झाला. आता काळाचा.

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर सर्वांच्या परिचयाचे आहे. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतली जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक भरून कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे एक ‘कोयता’ म्हणून ओळखले जाते. ही माणसे गावी परततात ती हंगाम संपल्यावर, साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये. लहान मुले बहुधा आईवडिलांबरोबर जातात. ज्यांना मागे ठेवता येते ती आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात.

आता शाळेचे वेळापत्रक पाहू. जूनमध्ये शाळा उघडते, दिवाळीपूर्वी पहिली सत्रपरीक्षा होते, आणि डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन व सहल होते. या वेळापत्रकात कोणाचाही वाईट हेतू नाही. हवा थंड असते, रस्ते कोरडे असतात, प्रवास सुखाचा होतो. परंतु त्याचा परिणाम असा होतो की ज्या दिवशी वर्गाची गाडी सहलीस निघते, त्या दिवशी त्याच वर्गातील काही मुले शेकडो मैलांवर उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत असतात. कोणी त्यांना वगळलेले नसते. केवळ तारीख त्यांना वगळते. असे एक वर्ष नव्हे, पहिलीपासून सातवीपर्यंत दर वर्षी घडते. शाळेच्या भिंतीवर लावलेल्या सहलीच्या छायाचित्रांत ही मुले कधीच दिसत नाहीत. शाळा हे आपले ठिकाण आहे असे त्यांना वाटावे, यासाठी त्या छायाचित्रांत त्यांचा चेहरा असणे आवश्यक आहे.

यावर उपाय सोपा आहे आणि त्यासाठी वेगळ्या तरतुदीचीही आवश्यकता नाही. एका दिवसाची सहल ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरअखेरपर्यंत काढावी. या काळात सर्व मुले गावी असतात. सत्रपरीक्षा दूर असते. बालाघाट हिरवा असतो, सौताडा व कपिलधार वाहत असतात, मोर दिसतात, तलावांत पाणी आलेले असते. जिल्ह्याचे जे उत्तम रूप आहे ते याच सहा आठवड्यांत पाहावयास मिळते. म्हणजे मुलांच्या सोयीचा आणि स्थळांच्या शोभेचा काळ एकच आहे. १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिनही याच काळात येतो. त्याच्या आगेमागे अंबाजोगाईची सहल योजिल्यास तिला आपोआप अर्थ प्राप्त होईल.

शंका व समाधान

पावसाळ्यातील सहल धोक्याची, अशी शंका घेतली जाईल, आणि ती रास्त आहे. म्हणूनच काही नियम काटेकोरपणे पाळावे लागतील. हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा दिलेला असल्यास सहल पुढे ढकलावी. त्यासाठी पर्यायी तारीख आधीच ठरवून ठेवावी. धबधब्याच्या कड्याजवळ व प्रवाहात कोणालाही जाऊ देऊ नये. तो ठरावीक अंतरावरूनच दाखवावा. सौताड्याच्या दरीत लहान वर्गांना उतरवू नये. गोदाकाठी जाण्यापूर्वी जायकवाडीतून विसर्ग सुरू आहे किंवा कसे, याची तहसील कार्यालयाकडे चौकशी करावी. पुलावरून पाणी वाहत असताना वाहन घालण्याचे साहस चालकास करू देऊ नये. खजाना विहीर व कंकालेश्वराचे कुंड येथे शिक्षकांनी काठावर उभे राहावे आणि मुलांना गटागटाने पुढे आणावे. आणि ज्या शाळेला डोंगर किंवा नदी नकोशी वाटेल तिने बीड शहर, धारूर अथवा अंबाजोगाई निवडावे.

खर्चाची शंकाही घेतली जाईल. शालेय सहलींसाठी राज्य परिवहन महामंडळ प्रवासभाड्यात ५० टक्के सवलत देते. सहल एकाच दिवसाची असल्याने मुक्कामाचा खर्च नाही. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा एवढी शिदोरी घरून आणली म्हणजे भोजनाचाही प्रश्न उरत नाही. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड ते अहिल्यानगर प्रवासी रेल्वे सुरू झाल्यामुळे आष्टीकडील मुलांना रेल्वेने बीडला येण्याची वाट खुली झाली आहे. अनेक दशके ज्या लोहमार्गाची वाट पाहिली, त्यावरचा पहिला प्रवास मुलांनी वर्गासह करावा, यासारखी दुसरी सहल कोणती?

कोणी काय करावे

शिक्षकांनी जूनमध्येच, शाळेचे वार्षिक नियोजन करताना सहलीची तारीख निश्चित करावी व गटशिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी वेळेवर घ्यावी. तारीख ठरविण्यापूर्वी वर्गातील कोणती कुटुंबे केव्हा निघणार आहेत याची यादी करावी. ही माहिती गावात सर्वांना असते, ती केवळ विचारावयाची असते. स्थळ पाहून आल्यावर प्रत्येक मुलाने एक पान लिहावे. जे मूल पुढे फडावर जाईल त्याच्याबरोबर ते पान जाईल.

ज्या गावांत ही स्थळे आहेत तेथील ग्रामपंचायतींची जबाबदारी वेगळी आहे. मोठ्या योजनांची वाट न पाहता तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. पिण्याचे स्वच्छ पाणी, मुलींसाठी सुस्थितीतील स्वच्छतागृह आणि स्थळाची खरी माहिती देणारा एक ठळक फलक. माहितीचा फलक लिहिताना आख्यायिका आणि इतिहास यांची गल्लत करू नये. दोन्ही द्यावे, पण वेगवेगळे द्यावे. कुंडात आणि बारवेत प्लॅस्टिक, निर्माल्य व जुने कपडे टाकण्याची सवय मोडण्यासाठी ग्रामसभेने ठराव करावा आणि तो पाळलाही जावा. गावातील एखाद्या जाणत्या वृद्धाला मुलांशी अर्धा तास बोलण्याची विनंती करावी. कोणत्याही मार्गदर्शिकेत न सापडणारी माहिती तेथे मिळेल.

अधिकारीवर्गाने परवानगीचे कागद पावसाळ्यातही तत्परतेने हाताळावेत. धोक्याच्या जागी कठडे व सूचनाफलक आहेत किंवा नाहीत, याची सहलींच्या मोसमापूर्वी पाहणी व्हावी. संरक्षित वास्तूंच्या परिसरातील गवत-झुडूप काढण्याचे काम ऑगस्टच्या आत उरकले तर साप-विंचवाची भीतीही कमी होईल.

समारोप

किनाऱ्यावरील शहरातील मुलाला समुद्र अंगणातच असतो, म्हणून त्याला त्याचे महत्त्व कोणी समजावून द्यावे लागते. बीड जिल्ह्यातील मुलाला पाण्याचे महत्त्व समजावण्याची गरज नाही. हंडा घेऊन ते रोज त्याचा अभ्यास करीत असते. त्याला दाखवावयाचे ते एवढेच की त्याच्याच जिल्ह्यातील माणसांनी चारशे वर्षांपूर्वी उतार मोजून पाणी वळविले, पाण्याच्या मध्ये मंदिर उभारले, डोंगरात राहून मराठीत ग्रंथ लिहिले आणि एका शाळेतून स्वातंत्र्याचा लढा नेला. हे पाहिलेले मूल फडावर गेले तरी आपल्या गावाविषयी चार गोष्टी इतरांना सांगू शकेल.

सहलीची तारीख डिसेंबरवरून सप्टेंबरवर आणणे एवढा एक बदल प्रत्येक शाळेच्या हातात आहे. येत्या जूनमध्ये वार्षिक नियोजनाचा तक्ता भरताना तो करावा आणि गाडीत बसण्यापूर्वी पटावरील सर्व मुले आली आहेत याची खात्री करून घ्यावी, अशी सर्व उपस्थितांना विनंती आहे.